न खोडलेलं माप

तीर्थरूप मामांस,

'तीर्थरूप' हे हाताच्या सवयीनं उमटलं. खोडावं का, यावर पाच मिनिटं विचार केला. राहू दे. सासऱ्याला जावयानं द्यायचा मान या पत्रात एवढाच आहे, पुढे शोधत बसू नका.

तक्रार गॅलरीतल्या तारेची आहे. कुळगावातला हा फ्लॅट ताब्यात आला त्या दिवशी तुम्ही चामटोलीहून पक्कड घेऊन आलात आणि कपडे वाळत घालायची तार सहा फूट चार इंची माणसाच्या सोयीनं बांधलीत. मी पाच फूट चार. गेली अकरा वर्षं मी, अंबरनाथच्या एका शाळेत संस्कृत शिकवणारा प्रतिष्ठित गृहस्थ, रोज सकाळी प्लास्टिकच्या स्टुलावर चढून बनियन वाळत घालतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा दिवस हे दृश्य पाहिल्याशिवाय सुरू होत नाही. तार खाली घ्या म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? "जावईबापू, तार बरोबर हाय. तुमी चुकलाव."

वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन, तार आहे तिथेच आहे. तुमची नात ऋजुता चौदाव्या वर्षी टाच न उचलता तारेवरचे कपडे काढते.

तिच्या उंचीचं तुम्हाला केवढं कौतुक होतं! शिवमंदिराच्या जत्रेत पाळणेवाल्यानं तिला लहान मुलांच्या पाळण्यावरून उतरवलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. ती हुंदके देत होती आणि तुम्ही त्या पाळणेवाल्याला पेढा देत होतात. दहाव्या वर्षी ती माझ्या पुढे गेली. अकराव्या वर्षी आईच्या, आणि शैला काही बुटकी नाही. चामटोलीला पाहुणे जमले की तुम्ही आम्हा बापलेकींना अंगणात पाठीला पाठ लावून उभं करायचात. "बगा, बाप कवरा न पोर कवरी!" सगळे हसायचे. मीही हसायचो. काय करणार?

आणि तिला मोजू मात्र द्यायचा नाहीत. शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड मी वाचायला लागलो की हातातून काढून घ्यायचात. "पोरीला मोजाची नाय. नजर लागते." मला वाटायचं, खेडवळ समजूत. मी व्याकरण शिकलेला शहाणा माणूस, मी तुमची समजूत सहन करायचो. केवढा उदार मी!

बारा दिवसांपूर्वी ती मोजली गेली.

शैलाच्या मावसबहिणीच्या घरचं लग्न आहे. तयार ड्रेसच्या बाह्या ऋजुताच्या कोपरापुढे चार बोटांवर संपतात, म्हणून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये कापड घेतलं. त्या दुकानदारानंच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या सिंधी शिंप्याकडे पाठवलं. त्यानं बाहीचं माप घेतलं, थांबला, चष्मा पुसला, पुन्हा घेतलं.

"साईं, ये हाथ मैंने एक बार नापा है," तो मला म्हणाला. "चामटोली का लड़का था. शादी का सूट."

शैला म्हणाली, "माझं माहेर चामटोलीचं."

म्हातारा स्वतः शिडीवर चढला आणि माळ्यावरून एक वही काढली. त्याची एक पद्धत आहे. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडला की त्या मापावर लाल रेघ. वहीतली सगळी मापं खोडली गेली की वही रद्दीत. ही एक राहिली होती, कारण तीत एक माप खोडायचं राहिलं होतं. बाळाराम, चामटोली, बाही सत्तावीस. ऋजुताची साडेसव्वीस, आणि ती अजून वाढते आहे.

"ट्रायल देके गया, फिर सूट लेने कोई नहीं आया," तो म्हणाला. "मैं समझा, रिश्ता टूट गया."

तुमचा धाकटा भाऊ, मामा. शैला तेव्हा आठ वर्षांची होती. हळदीच्या दिवशी काका मांडवात पडला तो उठलाच नाही, आणि तुम्ही तिला सांगितलंत, ऊन लागलं. गेल्या वैशाखात तुम्ही अंगणात छातीवर हात ठेवून खाली बसलात, तेव्हाही चामटोलीभर हेच फिरलं. ऊन लागलं. तुमच्या घराण्याशी सूर्याचं एवढं काय वैर आहे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

शैला त्याच संध्याकाळी आईसमोर जाऊन बसली. सासूबाईंनी आधी चहा टाकला, मग भांडी आवरली, मग सांगितलं. बाळारामला चिरून पाहिलं तेव्हा डॉक्टरनं तुम्हाला बाजूला घेतलं होतं. हृदयातून निघणारी मोठी नस फाटली, म्हणाला. हे रक्तातून येतं, म्हणाला. घरात जे जे असे उंच, लांब हातांचे असतील, त्यांचं हृदय दर वर्षी तपासून घ्या. वेळेत कळलं तर उपाय आहे. तुम्ही घरी आलात आणि देवासमोर बायकोला शपथ घातलीत.

"त्ये बोलले, ह्ये भायेर गेला त पोरीचा लगीन व्हनार नाय," सासूबाई पदराला डोळे पुसत म्हणाल्या. "मंग मी गप झाले."

पोरीचं लग्न झालं. माझ्याशीच झालं. म्हणजे तुमच्या खोटेपणाचा सगळ्यात मोठा लाभार्थी मी, असं तुम्ही वर बसून म्हणत असाल. मला आधी कळलं असतं तर मी माघार घेतली असती का? तोंडावर 'मुळीच नाही' म्हणायला फार सोपं आहे. सव्वीस वर्षांच्या त्या माणसाची हमी आज मी देणार नाही. तुम्ही त्याला विचारायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

तेवढं मी कदाचित माफही केलं असतं. मुलीचा बाप मीही आहे. पण डोळ्यांच्या डॉक्टरचं काय?

आठवतंय ना? दोन वर्षांपूर्वी ऋजुताचा चष्म्याचा नंबर एकाएकी वाढला, आणि तुम्ही हौसेनं बरोबर आलात. डॉक्टरीणबाईंनी तिचे हात पाहिले, बोटं पाहिली आणि विचारलं, "घरात आणखी कोणी इतकं उंच? कोणाला हृदयाचा काही त्रास?" उत्तर मी दिलं. तुमच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हे आजोबा. ठणठणीत आहेत." तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होतात आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचत होतात. तेव्हा कोणाचं लग्न मोडणार होतं, मामा? बाहेर आल्यावर रिक्षात म्हणालात, "डॉक्टर लोकांना कायबी विचाराची सवय." मी हसलो. ते हसू आठवलं की तुमच्याइतकाच मला माझा राग येतो. तुमच्यापेक्षा थोडा कमी.

ही दोन वर्षं ती व्हॉलीबॉल खेळली. उड्या मारल्या. त्यातलं पहिलं वर्ष तुम्ही बाकावर बसून टाळ्या वाजवल्यात.

त्या संध्याकाळपासून मी तिचा सराव बंद केला. कारण सांगितलं नाही. "बाबा, मी काय केलं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "परीक्षा जवळ आली." परीक्षा दोन महिन्यांवर आहे. ती माझ्याशी बोलायची थांबली. आणि मला कळलं, की बोलता बोलता मीही तिला ऊनच लागलं म्हणून सांगतोय. मी तुमच्या रक्ताचा नाही, तरी तुमचा हा गुण मला लागला.

काल संतापानं तुमची पक्कड शोधली, ती इथेच राहिली आहे, आणि तार खाली घ्यायला स्टुलावर चढलो. एक टोक सुटेना. मागून ऋजुता आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"बाबा, पडशील. उतर खाली. तारेला काही करू नकोस, मी आहे ना."

मी उतरलो. पक्कड तिच्या हातात दिली आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिलो.

गुरुवारी हृदयाच्या तपासणीची वेळ घेतली आहे. दोन नावांनी. ऋजुताची उंची इतकी डोळ्यांत भरते, की शैलाची बोटंही तुमचीच आहेत हे मी सोळा वर्षं नीट पाहिलंच नव्हतं.

तेव्हा ऐका. ऋजुताला कुठे आणि का नेतोय, ते घरातून निघायच्या आधी, मी तिला तुमच्या नावासकट सांगणार आहे. बाळारामच्या वहीसकट. तुमची अंगणातली शान त्यात थोडी उतरेल, त्याला माझा इलाज नाही. गुरुवारी काहीही निघालं तरी दर वर्षी दोघींना नेईन. आणि तार आहे तिथेच ठेवीन, स्टुलासकट, समोरच्या बायकांसकट.

मला भीती वाटते, मामा. त्या तारेपर्यंत हात पोचणारं कुणी या घरात उरणार नाही, याची.

तुमचा चुकलेला जावई,
अनंत