मुकादमाची गुरगुर

ता. ३ जून

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ.

पत्रात आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, पण मी लिहिणार नाही. तू बोटीवर विजेच्या तारा जोडत जगभर हिंडतोयस आणि कुत्रा माझ्या उरावर बसवून गेलायस. त्याचं नाव मुकादम ठेवलंस ते अगदी बरोबर. काम शून्य आणि नजर सगळ्यांवर.

काल त्याने बाळाचं भरलेलं लंगोट बादलीतून ओढून काढलं, अर्धं खाल्लं आणि सतरंजीवर ओकला. मग तेच परत चाटायला लागला. मी तेव्हा जेवत होते. यांनी नाकाला रुमाल लावला आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून सटकले. काल रविवार होता.

दिवसभर मी लाँड्रीत परक्यांच्या चादरी धुते. डाग बघून कुणी काय सांडलं ते सांगते, आणि मला कशाचीच किळस येत नाही असं तिथल्या बायका म्हणतात. त्यांनी एकदा घरी येऊन बघावं. बाळाला पाजायला घेतलं की हा मध्ये घुसतो आणि लाळेने थबथबलेलं तोंड माझ्या मांडीवर टाकतो. बाळाच्या गादीवर मुततो, तेही माझ्याकडे बघत बघत. बुटकी चार वर्षांची, तिला तो खेळणं वाटतो. ती जवळ गेली की दात काढून गुरगुरतो. हे म्हणतात की पोरांवर गुरगुरणारं जनावर घरात नको. महिनाभर बघू, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन कायमचं झोपवायची सुई देऊ. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

लोभ आहे, पण तुझ्या कुत्र्याने तो निम्म्यावर आणलाय.

तुझी ताई

ता. १९ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र बंदरावर मिळालं. जेवणाआधी उघडलं, ही माझी चूक. तुला अजून किळस यायला बराच वाव आहे म्हणून सांगतो, मुकादम सहा वर्षं माझ्या उशीवर झोपला आणि माझ्याच ताटातलं खाल्लं. घरात आम्ही दोघंच. आता त्याच्या नशिबी एकदम दोन सवती आल्या. मी जन्मलो तेव्हा तू मला पाळण्यातून ढकलायला निघाली होतीस असं आई सांगायची. तुला कुणी सुई दिली नाही.

बादलीला घट्ट झाकण लाव. पाजायला बसशील तेव्हा त्याला चघळायला हाड दे. दाजींना सांग, मी येईपर्यंत थांबा. मला तो सोडून घरी वाट बघणारं कुणी नाही, हे तुला माहीत आहे.

उरलेला निम्मा लोभ सांभाळून ठेव.

तुझा धाकटा

ता. ८ जुलै

चि. धाकट्यास अ. उ. आ.

खूश हो, मुकादम सुधारला. श्रेय तुझ्या दाजींचं. तो गुरगुरला की नाकावर चप्पल, असं आठवडाभर केलं आणि गुरगुर साफ बंद झाली. सुईचा विषयही यांनी सोडला. आता बुटकी त्याच्या पाठीवर बसते, कानात बोटं घालते, त्याच्या ताटलीतलं हाताने उचलून बघते (शी), आणि हा हूं की चूं करत नाही. तोंड भलतीकडे करून ताठ उभा राहतो आणि ओठ चाटतो. गाय झालाय नुसता.

एवढंच की लाळ फार वाढली आहे. बसेल तिथे थारोळं. काल मोजे घातलेला पाय त्यात पडला, आणि ते कोमट होतं. मी मोजा न धुता कचऱ्यात टाकला. लाँड्रीवालीने मोजा टाकला म्हणजे काय ते समज.

लोभ पाऊणपर्यंत चढलाय, कळावे.

तुझी ताई

ता. २३ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. केला असं समज, घाई आहे.

तो सुधारलेला नाही. गुरगुरणं म्हणजे त्याचं बोलणं होतं, की मला भीती वाटते, लांब व्हा. दाजींनी बोलणं बंद केलं, भीती आहे तिथेच आहे. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, ताठ होणं, लाळ गळणं, हे सगळं त्याच भीतीचं. गर्जेल तो पडेल काय म्हणतात. आता त्याचं गर्जणं थांबलंय. यापुढे तो न सांगता चावेल, आणि बुटकीचं तोंड बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला येतं.

आजपासून पोरांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका. त्याला एक कोपरा द्या, तिथे पोरांना बंदी. पोरं समोर असतील तेव्हाच चांगलंचुंगलं खायला द्या, ती गेली की बंद, म्हणजे त्यांची वाट बघायला शिकेल. आणि पुन्हा गुरगुरला तर त्याला मारू नका, बुटकीला लांब घ्या. चपलेचं वाचून मला दाजींची शिसारी आली. हे त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

आधी एवढं करा, लोभाचं मागाहून बघू.

धाकटा

ता. १२ ऑगस्ट

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. आदल्या संध्याकाळी मुकादम जेवत असताना बुटकी त्याच्या ताटलीवर ओणवी झाली. आवाज नाही, काही नाही, एकदम जबडाच उघडलेला दिसला. मी मध्ये हात घातला. मनगटाला टाके पडले आहेत, बुटकीला ओरखडाही नाही.

हे सुईवर अडून बसले होते. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, शिसारीसकट. पाण्यावर बसून शहाणपण शिकवायला याचं काय जातंय, असं म्हणाले. मला मात्र आमचीच किळस आली. इतके दिवस घरभर लाळ पुसतेय आणि ती कशाने गळतेय ते बघितलं नाही. शेवटी हे कबूल झाले, पण आणखी एक दात लागला तर विषय संपला.

लाँड्रीतली मोडकी जाळीची ट्रॉली आडवी टाकून गॅलरीजवळ त्याचा कोपरा केलाय. मी रोज कलेजी उकडते. तिच्या वासाने मला मळमळतं, बुटकी मात्र नाक धरून लांबून तुकडे फेकते, आणि बाळ माझ्या कडेवर असतं.

लोभ राहू दे बाजूला, काळजी कर.

ताई

ता. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

परवा मुकादम गुरगुरला. बुटकी ट्रॉलीवरून वाकून त्याचं शेपूट धरत होती. अगदी बारीक आवाज. यांचा हात सवयीने चपलेकडे गेला आणि तिथेच थांबला. बुटकीने शेपूट सोडलं आणि मला येऊन सांगितलं की त्याला नकोय. मी त्याला कलेजीचा मोठा तुकडा दिला. इतक्या घाणेरड्या तोंडाकडे बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

बाकी घाण चालूच आहे. काल त्याने मेलेला उंदीर आणून बाळाच्या गादीवर ठेवला, शेजारी बसून राहिला आणि शेपूट हलवत होता. हे म्हणाले की प्रेमाने दिलाय. मी ओकून आले आणि मग गादी धुतली.

आज यांचे थोरले काका आले होते. पोरीला गुडघ्यांत धरायचं, गाल ओढायचा आणि तंबाखूच्या तोंडाने ओला पापा घ्यायचा, ही त्यांची जुनी खोड. मला त्याची मुकादमाच्या लाळेपेक्षा जास्त शिसारी येते, पण वडीलधाऱ्यांना कोण बोलणार म्हणून आम्ही दोघंही हसत बसतो. बुटकीने तोंड फिरवलं. मग नको म्हणाली. मग पुन्हा नको म्हणाली. काकांनी पापा घेतलाच, आणि दुसऱ्या गालाकडे वळले तशी ती दात काढून गुरगुरली.

काका लालबुंद झाले. कुत्र्याच्या संगतीत पोर कुत्रं झालं म्हणाले. तिला एक ठेवून द्या आणि त्या जनावराला बाहेर काढा, नाहीतर मी या घराची पायरी चढणार नाही, असंही म्हणाले. बुटकी माझ्याकडे बघत होती, आता मार बसतो की काय अशी. एरवी मी तिलाच दटावून माफी मागायला लावलं असतं.

मी तिचा गाल ओढणीने पुसला आणि काकांची छत्री आणून त्यांच्या हातात दिली. यांनी उठून दार उघडलं.

तू लवकर ये. लोभ पुरा आहे.

तुझी ताई