स्वच्छ बॅकग्राउंड

१ जून, रविवार. सकाळ.
मोठे फोटोग्राफर फील्ड नोट्स ठेवतात. आजपासून मीही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेवढंच लिहायचं. खरं म्हणजे महाड-पोलादपूर पट्ट्यात निसर्ग-छायाचित्रणात माझ्या तोडीचा माणूस नाही. केमिकल कंपनीची लॅब सोडून दोन वर्षं झाली, एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. बायकोला होतो. नोकरी मी सोडली, पश्चात्ताप समीक्षाला, हे काही मला समजत नाही.
पावसाळ्याचे संकल्प: रोज पाचला उठून फील्डवर. फेसबुकवर भांडणं बंद. ऋत्विकचं पेज बघणं बंद.

२ जून.
नऊला उठलो. ढगाळ होतं, लाईट नव्हताच. ऋत्विकचं पेज बघितलं, पण ते फक्त तो काय चुका करतो हे कळावं म्हणून. या पोराला ॲपर्चर म्हणजे काय ते मी शिकवलं, तेही माझ्या कॅमेऱ्यावर. आता पुण्याहून त्याच्या टूर्स भरून निघतात आणि स्वतःला मेंटॉर म्हणवतो. त्याच्या फोटोखाली 'होरायझन तिरका आहे' एवढंच लिहिलं. त्याने 'थँक्यू राजेश सर' लिहून हात जोडले. माज आलाय.

८ जून, रविवार. पाचाड.
'निसर्गस्पंदन फोटो टूर्स'ची या सीझनची पहिली टूर. रायगडाच्या पायथ्याला पावसाळी लँडस्केप. नऊ जणांनी नावं दिली, चार आले. गड ढगात. थोड्या वेळाने पायथाही ढगात. मी धुक्यातलं सौंदर्य कसं टिपावं ते शिकवलं. ठाण्याचे एक गृहस्थ म्हणाले, एवढं पांढरं तर आमच्या घरच्या भिंतीवर पण दिसतं. खानावळीतलं पिठलं-भाकरी मात्र सगळ्यांनी पोटभर खाल्लं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले ते सगळे पिठल्याचे.
समीक्षाने विचारलं, कशी झाली. म्हटलं, लोक समृद्ध होऊन गेले. ती म्हणाली, गणपतीपर्यंत बघ, नाहीतर कंपनीत परत जा. लॅबचे साहेब तिला बाजारात भेटले की अजून माझी चौकशी करतात म्हणे. त्यांना दुसरा माणूस मिळत नसणार.

१५ जून. आंबेनळी.
घाटात मॅक्रो टूर, म्हणजे बारीक जीवांचे अगदी जवळून फोटो. प्रत्येक धबधब्याखाली गाड्या आडव्या लावून लोक नाचत होते. आम्हाला एक बेडूक सापडला. सहा जण, एक बेडूक. तो बिचारा शांत बसला होता, पण माझी माणसं बसेनात. निम्मी धबधब्याखाली पळाली आणि त्यांचे कॅमेरे छत्रीखाली धरून मी उभा. या लोकांना निसर्ग नको असतो, नुसतं भिजायचं असतं.

२२ जून, रविवार.
घाटाच्या पायथ्याला पोलादपूरच्या बाजूची एक वाडी. चहाला थांबलो होतो महिपतकडे. माझ्याच वयाचा, भातशेती करतो, घरात तो आणि त्याची म्हातारी आई प्रयागबाई, भाऊ मुंबईला. बोलता बोलता म्हणाला, आमच्या बांधात एक रंगीत पाखरू हाय. बघायला गेलो. त्याचं भाताचं खाचर, खाचराला बांध, बांधाच्या खाली वहाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, मातीची उभी भिंत, त्या भिंतीत बीळ, आणि बिळात तिबोटी खंड्याचं घरटं. आपल्या जिल्ह्याचा पक्षी. चिमणीएवढा जीव, पण अंगावर रंगपेटी सांडल्यासारखा. लोक याच्यासाठी कुठून कुठून येतात.
महिपत म्हणाला, दरसालचा हाय तो, आय त्याला पावना म्हनते. मी बजावलं, ही जागा कुणाला दाखवायची नाही. तो म्हणाला, आमच्याकडं येतंय कोन?
पिल्लं मोठी होतील त्या सुमारास, १९ जुलैला, टूर. ही जमली की मी कुठल्या कुठे जाईन. समीक्षाकडून कबूल करून घेतलं की ही टूर झाली तर घरात कंपनीचं नाव निघणार नाही. ती म्हणाली, झाली तर.

२८ जून. नाते गाव.
शाळेत व्याख्यान: पक्ष्याला कळूही न देता फोटो. घरट्याजवळ घुटमळायचं नाही, फांदी तोडायची नाही, पान हलवायचं नाही. मुलं भारावून गेली. एकाने विचारलं, सर, तुमचे फॉलोअर्स किती? मी त्याला निसर्गात फॉलोअर्स नसतात हे समजावलं. हेडमास्तरांनी शाल-श्रीफळ दिलं. शाल पातळ आहे, पण भावना महत्त्वाची.

४ जुलै.
टूर जाहीर केली: 'तिबोटीच्या दारी'. घरट्याचा लांबून घेतलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळ्या जागा भरल्या. पहिलं नाव पनवेलच्या डॉक्टर सोनालीबाईंचं. दातांच्या डॉक्टर आहेत, भारी लेन्स आहे, प्रश्न फार विचारतात.
ऋत्विकचा मेसेज आला: सर, घरट्यावर लोक नेऊ नका, मी त्या टूर्स बंद केल्या. जळतो. ब्लॉक केला. आता त्याचं पेज बघता येणार नाही, म्हणजे एक संकल्प पुरा झाला.

११ जुलै. वाडी.
अंड्यांतून पिल्लं बाहेर आलीत. बिळातून बारीक आवाज येतो. नर-मादी आळीपाळीने खेकडे आणि पाली घेऊन येतात. मी हिरव्या कापडाच्या आडोशात दिवसभर बसलो. फोटो ढिगाने काढले, एकही धड नाही. प्रत्येकात बिळासमोर नेचे, गवत, वरून लोंबणाऱ्या मुळ्या. पक्षी येतो कुठून, जातो कुठे, सगळं यांच्या आड. लोक एवढ्या लांबून येणार ते काय नेच्यांचे फोटो काढायला? माझी तर इथेच लाज जाईल.

१३ जुलै, रविवार. वाडी.
महिपत दुसऱ्याच्या शेतावर लावणीला गेला होता. त्याची स्वतःची लावणी नुकतीच झाली आहे. प्रयागबाईकडे कोयता मागितला. तिने विचारलं, कशाला रे बाबा? म्हटलं, थोडं गवत आहे. तिने लगेच काढून दिला.
थोडी साफसफाई केली. तोड नव्हे, साफसफाई. आधी समोरचे नेचे काढले. मग कडेचे विजोड दिसायला लागले, म्हणून तेही. मग वरच्या मुळ्या. बांधावरची चार झुडपं बुडापासून उपटली, कारण अर्धवट कापलं की कापलेली बाजू पांढरी चमकते आणि फोटोत डोळ्यात खुपते. शेवटी भिंत अशी तुळतुळीत दिसायला लागली की न्हाव्याने केली असती तरी एवढी साफ झाली नसती. मादी आली, क्षणभर हवेतच गोंधळली, मग बिळाच्या तोंडाशी बसली. चोचीत खेकडा, मागे एक काडीसुद्धा नाही. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.
शाळेत सांगितलं ते नवशिक्यांसाठी होतं. जो नियम शिकवतो त्याला तो कुठे वाकवायचा हेही कळतं. पक्ष्याची काही तक्रार दिसली नाही.

१५ जुलै.
नवा फोटो ग्रुपवर टाकला. सगळे वेडे झाले. सोनालीबाईंनी लिहिलं, किती स्वच्छ बॅकग्राउंड, कसं जमवलंत? मी लिहिलं, संयम. समीक्षालाही दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, सुंदर आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. गणपतीनंतरच्या टूर्सचं पोस्टर करायला घेतलं.
पाऊस जोरात लागलाय.

१७ जुलै.
पावसाने उसंत नाही. सावित्रीचं पाणी चढतंय. वाडीवर एक चक्कर टाकावी असं मनात होतं. पण घरट्याजवळ सारखं जाणं नीतीला धरून नाही. म्हणून गेलो नाही. संयम हा असा असतो.
महिपतचे दोन मिस्ड कॉल. टूरच्या दिवशी त्याच्याकडे कोंबडी-भाकरीला किती माणसं, हेच विचारायचं असणार. आठ, हे त्याला आधीच सांगितलंय.

१८ जुलै.
पाऊस ओसरला. देव आहे. टूरच्या टोप्या छापून आणल्या. महिपतचा पुन्हा फोन, मी टोप्या मोजत होतो, घेतला नाही. एका कोंबडीसाठी माणसाने एवढं मागे लागू नये. श्रावण लागायच्या आत टूर ठेवली हे बरं केलं, नाहीतर जेवणावरून कुरकुर झाली असती.

२० जुलै, रविवार.
काल लिहवलं नाही.
आठच्या आठ आले होते. सगळ्यांना टोप्या दिल्या. महिपत वाडीच्या तोंडाशीच भेटला आणि म्हणाला, सर, फोन उचलला नाय तुमी. मी त्याला खुणेने गप्प केलं, पक्ष्याच्या जवळ आवाज नको म्हणून. मग मीच पुढे झालो. सगळ्यांना वाकून चालायला लावलं, बोटाने खुणा केल्या. आडोशाजवळ पोचून मान वर केली.
भिंत नव्हती. बांधही नव्हता. खाचराचा अर्धा भाग लाल चिखल होऊन वहाळात उतरला होता आणि भाताची रोपं त्यात उलटी-सुलटी पडली होती. बीळ कुठे होतं तेही सांगता येईना. सगळे वाकलेलेच होते, मी सरळ झालो तसे एकेक सरळ झाले.
मी बोलायला सुरुवात केली. निसर्गाची अनिश्चितता, डोंगरातली माती, ढगफुटी. बरं बोललो असं वाटलं. सोनालीबाईंनी महिपतला विचारलं, पिल्लं? महिपत म्हणाला, बुधवारी रातच्याला गेला बांध. सकाळी आयेनं हातानं माती उकरली, दोन गावली. मेलेली व्हती. मग बाईंनी विचारलं, शेजारचे बांध तर सगळे उभे आहेत, हाच कसा गेला? महिपत माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, बांधकाम कच्चं असेल. तो त्याच्या आज्याने रचलेला बांध आहे, हे मला नंतर कळलं.
त्याच्या घरी कोंबडी-भाकरी तयार होती. सगळे खाली मान घालून जेवले. प्रयागबाई वाढत होती. मला दोनदा वाढलं. मला भाकरी नको होती, पण सोडली तर लोकांना वेगळं वाटेल म्हणून खाल्ली.

२१ जुलै.
फेसबुकवर लिहिलं: 'बदलतं हवामान आणि एका घरट्याचा अंत'. मनापासून लिहिलं. लाईक्स बरे आले. वरच्या रस्त्याच्या कामाने डोंगर हादरलाय हेही घातलं. काम दोन डोंगर पलीकडे आहे, पण हादरे लांब जातात.
दुपारी सोनालीबाईंनी ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. दोन्ही माझेच. चार तारखेचा, नेच्यांतला. पंधरा तारखेचा, साफ. खाली एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर उत्तर देता आलं असतं. संध्याकाळपर्यंत एकेक जण बाहेर पडला. ग्रुपमध्ये आता ॲडमिन म्हणून मी एकटा आहे.

२३ जुलै.
समीक्षाला सगळं कळलंय, महाड केवढंसं आहे. भांडेल म्हणून मी तयारीत होतो, मुद्दे काढून ठेवले होते. ती भांडली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, त्या माणसाचं शेत गेलं, तू गेलास का एकदा तरी? मी हवामानाचं सांगायला लागलो. ती म्हणाली, राजेश, मला नको सांगू. मग म्हणाली, साहेबांना फोन केला होता, एक तारखेपासून ये म्हणालेत. ती उठून गेल्यावर उरलेली भाजी मी निवडायला घेतली. मला रडू आलं. हिरव्या मिरच्या होत्या समोर, त्यामुळेही असेल.

२७ जुलै, रविवार. वाडी.
कॅमेरा घेऊन गेलो. झाल्या प्रकाराचं डॉक्युमेंटेशन व्हायला हवं म्हणून. माफीबिफी डोक्यात नव्हती. वाटेत काय बोलायचं ते दोन-तीनदा जुळवलं होतं, पण ते सहज.
वाडीतली माणसं मिळून बांध रचत होती. महिपतचा भाऊ मुंबईहून रजा टाकून आला होता. मी एक दगड उचलला. महिपतने तो माझ्या हातून काढून घेतला आणि म्हणाला, ऱ्हावद्या सर, तुमाला सवय नाय. चार शिव्या घातल्या असत्या तर हलकं वाटलं असतं. जुळवून आणलेलं काही तोंडातून निघालं नाही. मी वहाळाच्या कडेला प्रयागबाईशेजारी जाऊन उभा राहिलो.
तेवढ्यात मादी आली. चोच रिकामी. उघड्या लाल मातीवर जिथे बीळ होतं साधारण तिथे झेपावली, मातीला धडकली, मागे फिरून समोरच्या दगडावर बसली. परत झेपावली. परत दगडावर. असं कितीतरी वेळ चाललं होतं. दगड रचणारे हात थांबले होते, सगळेच बघत होते.
प्रयागबाईचा टोमणे मारायचा स्वभाव नाही. ती साधंच म्हणाली, काड ना रे बाबा फोटो. आता तुझ्या आड काय नाय येत.
कॅमेरा गळ्यातच होता. लाईट बरा नव्हता, म्हणून काढला नाही.