किती जीवनांना स्पर्श केला?

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार (पाठ धरल्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला गृहीत धरा). तुमचा गुडघा कसा आहे? मामींची कवळी सापडली का? इकडे सगळे मजेत. आई तर दिवसातून चार वेळा फिरायला जाते (दोन्ही हातांत बादल्या असतात, पण फिरणं ते फिरणंच).

तर ऐका. पाणीखातं खासगी कंपनीकडे गेल्यापासून मी व्हॉल्वमन राहिलो नाही, 'सामाजिक बांधिलकी सहायक' झालो. पाना तोच, टोपी नवी. तुमच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने आमच्या कंपनीचे ढीगभर शेअर घेतलेत ना (तुम्ही त्याचे विश्वस्त, तुम्हाला मी काय सांगणार!), त्या फंडाने कळवलं की समाजासाठी काय करता ते दाखवा, नाहीतर आम्ही शेअर विकून मोकळे होतो. झालं! साहेबांची पाचावर धारण बसली. लगोलग आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाच्या भिंतीवर हसऱ्या थेंबाचं चित्र काढलं. ते इतकं झकास उतरलं, की रंग भिजू नये म्हणून साहेबांनी नळच बंद करायला लावला. आज बावीस दिवस थेंब एकटाच हसतोय.

मग आला फॉर्म. त्यात एकच प्रश्न: 'या महिन्यात किती जीवनांना स्पर्श केला?' आता जीवन म्हणजे पाणी, हे तुम्हीच मला छडी दाखवून शिकवलंत. पण पाणी आहे कुठं? म्हणजे माणसंच असणार, असं ठरवून मी वही घेतली आणि दिसेल त्याला हात लावत सुटलो. न्हाव्याने उलट माझीच मान धरली. शिंपीणबाईंनी "मेल्या, हात कुणाला लावतोस?" म्हणत फूटपट्टी हाणली (तोही मी स्पर्शच धरला, आणि सोबतच्या कंपनीच्या फोटोवाल्याने नेमका तोच टिपला). एकूण चारशे बारा! साहेब इतके खूश, की आकडा थेट वार्षिक अहवालात गेला, फूटपट्टीच्या फोटोसकट. खाली ओळ: 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'.

हसून हसून माझी पुरेवाट झाली, मामा. पण खरं सांगू? आई बादल्या घेऊन धापा टाकत येते, तेव्हा मला त्या थेंबाकडे बघवत नाही.

बाकी ठीक. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा भाचा

ता. क. त्या चित्राच्या उद्घाटनाला फंडातर्फे तुम्हीच येताय, असं आज कळलं. फार काही करू नका, माझं नाव तर काढूच नका. भाषणाआधी सगळ्यांदेखत फक्त "तहान लागली" म्हणा आणि नळाखाली ओंजळ धरून उभे राहा.

पुन्हा ता. क. आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, दादाला उगाच त्रास कशाला, आमचं काही अडलेलं नाही. आंघोळ मात्र घरून करून ये म्हणावं.