जिताडा आणि माझा अंगठा

नाना, तुम्ही गेल्यानंतर मी माशांच्या मागे लागले. नाशकाला समुद्र नाही, तरी इथल्या प्रयोगशाळेत आम्ही जिताड्याचा अख्खा जनुकसंच, मधली एकही जागा न सोडता, वाचत होतो. हा मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. आमचा जिताडा खाडीतून आला तेव्हा नेमका त्या बदलाच्या मध्यावर होता. तसा पुन्हा मिळणं कठीण, आणि त्याच्या डीएनएचा शेवटचा थेंब उरला होता. त्यातले धागे फार लांब असतात, जरा हिसका बसला की तुटतात. मी थेंब उचलायचं पिपेट हातात घेतलं आणि माझा उजवा अंगठा थरथरायला लागला. कोपर टेबलावर टेकवलं, तरी थांबेना.

शेजारची सहकारी बघत होती. "मॅडम, एसी कमी करू का?"

"कर. गारठा आहे जरा," मी म्हणाले, आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला. तुम्ही अंबडच्या कारखान्यात लेथवर होतात तेव्हाची ती सकाळ. स्वयंपाकघरात बशीत ओतताना चहा सांडला, आईनं विचारलं, तर म्हणालात, "लय गार पडलंय." वैशाख होता. मी हाताकडे बघतेय हे दिसल्यावर खेकसलात, "काय बघती? डबा भर." पुढे तुम्हाला लेथवरून काढून गेटवर बसवलं. मग सदऱ्याची बटणंही आई लावायला लागली.

मी पिपेट त्या सहकारी मुलीच्या हातात दिलं. "तूच कर." तिनं अलगद केलं. धागे टिकले, राहिलेल्या जागा भरल्या, मासा पूर्ण वाचून झाला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी हात ॲप्रनच्या खिशात ठेवला होता.

डॉक्टर म्हणतात, "वडिलांना कंपवात होता म्हणून तुम्हाला असेलच असं नाही. पण काही घराण्यांत तो उतरतो. रक्त तपासून घेऊ." माशाचं अक्षर न् अक्षर वाचणारी मी, त्या एका सुईला घाबरून बसले आहे. आणि माझ्यापेक्षा जास्त भीती लेकीची वाटते. ती बारावीला आहे. काल ती गणित सोडवत होती आणि मी वहीकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत बसले. तिनं विचारलं, "आई, काय झालं?" "काही नाही, सोडव तू," मी म्हणाले.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. रक्त द्यायला उद्या जाते असं घरी सांगितलंय, नाना. गेल्या आठवड्यातही असंच सांगितलं होतं.