पेटीवर लक्ष ठेवजा

पांढुर्णा, २ मे १९८६

आदरणीय शालिकरामदादा यांना,

आपल्या मंगलाचा नवरा देवीदास याचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे कसे आहेत? लेक जयश्री सासरी रमली असेल. तिच्या लग्नात आम्ही आलो आणि आहेराची पेटी आली नाही, याची हकिकत तुमच्या बहिणीने सांगितली असेलच. आता माझी ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या विहारात पुण्याच्या एका सरांचं ध्यानशिबिर झालं. (नगरपालिकेत मी दहा दिवस नव्हतो, हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.) सर म्हणाले, मागचं सोडा, पुढचं सोडा, आत्ता जे होतंय त्यावर नुसतं लक्ष ठेवा, मध्ये पडू नका, मनात नोंद करा. मी मूळचा आवक-जावक कारकून, श्वासाची आवक-जावक नोंदायला कितीसा वेळ? श्वास घेऊन राहिलो, श्वास सोडून राहिलो. सर चकित झाले. म्हणाले, पुण्याचा माणूस 'येतो' म्हणतो तेव्हा तो निघालेला असतो. तुमची बोली मात्र जन्मजात वर्तमानात आहे. तेव्हापासून मला जरा चढलीच होती.

लग्नाला निघालो त्या दिवशी बसस्टँडवर मंगला, 'पेटीवर लक्ष ठेवजा,' म्हणून वेणी घ्यायला गेली. दादा, असं लक्ष मी जन्मात कशावर ठेवलं नाही. कवडू हमाल पेटी उचलून राहिला. (तुमच्या मोहगावची बस डावीकडे होती.) कवडू उजवीकडे जाऊन राहिला. पेटी मुलताईच्या बसवर चढून राहिली. बस निघून राहिली. मी एकदाही मध्ये पडलो नाही. मंगलाने विचारलं तेव्हा जे पाहिलं ते सगळं क्रमाने सांगितलं. 'पाहून राहिले होते, तं बोंबलले काऊन नाही?' एवढंच ती म्हणाली. मग लग्नभर बोलली नाही आणि परतीच्या बसमध्येही बसली नाही.

बाकी इकडे मी अगदी शांत आहे. मागचं आठवत नाही, पुढची चिंता नाही. वहिनींना जयभीम.

आपला,
देवीदास

ता.क. पेटी मुलताईच्या स्टँडवर सापडली. लुगडी जशीच्या तशी आहेत.

ता.क. दुसरा : मंगला तिकडे राहिली त्याला आज नऊ दिवस झाले. (दिवस मोजायचे नसतात, पण मोजले.) घरी परत कधी जाते, एवढं तिला सहज विचारल्यासारखं विचारा, माझं नाव घेऊ नका. घरात करमत नाही.

ता.क. तिसरा : मी ध्यान सोडलं असं तिला सांगा. सोडलेलं नाही, पण डोळे मिटले की तीच समोर येते, तेव्हा याला ध्यान म्हणावं की नाही ते तुम्हीच ठरवा.