धूर नाही, धुरी

४ ऑक्टो., फर्स्ट शिफ्ट
स्वराचं पुन्हा सुरू. पाऊस सरला, मोशीत समोरच्या प्लॉटवर गाजरगवत फुललं की आमच्या लेकीचं नाक वाहतं. सकाळी शिंका, रात्री खोकला. यंदा खो-खोच्या टीममध्ये निवड झालीय, नोव्हेंबरात सामने. सर म्हणाले, धाप लागत असेल तर राखीव बसवू. बसवू देणार नाही. आता बापाने हातात घेतलंय.

६ ऑक्टो.
डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. औषध दिलं, शिवाय दम लागला तर पंप. घरात धूर होतो का, विचारलं. ठणकावून नाही म्हणालो. सिगारेट नाही, डासांची कॉइल नाही. औषध चालू ठेवून घरगुती उपाय करा म्हणाले. पंप बघून आईचा चेहरा उतरला. "पोरीच्या जातीला पंप लागला म्हंजी जल्माचा लागला."

८ ऑक्टो.
पद्धत ठरली. कंपनीत पार्ट रिजेक्ट व्हायला लागले की आम्ही क्वालिटीवाले एका वेळी एकच गोष्ट बदलतो. घरीही तेच. या आठवड्यात फक्त आलं-मध. हळदीचं दूध बंद, तुळशीचा काढा बंद. आई वैतागली, सगळंच दिलं तर काय बिघडतंय म्हणे. प्राजू स्वराला 'सॅम्पल' म्हणून हाक मारते. नवऱ्याची टिंगल हा बायकांचा हक्कच.

१५ ऑक्टो.
आलं-मध फेल. संध्याकाळी आईची धुरी झाली, जेवणं झाली, पोरगी आडवी झाली की खोकला हजर.
आता दुसरं. शाळेतून आल्या आल्या आंघोळ, कपडे बदल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. (हे तीन झाले. पण एकच प्रोसेस धरू.)

२३ ऑक्टो., सेकंड शिफ्ट
पास! आई मावशीकडे देहूरोडला गेलीय, मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन. तिच्या मदतीशिवाय सगळं सांभाळलं आणि खोकला गायब. कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. दोघांनी गुळण्यांचं प्रमाण लिहून घेतलं. राव, छाती फुगली.

२८ ऑक्टो.
आई काल परतली. दिवेलागणीला नेहमीसारखी निखाऱ्यावर कडुनिंबाचा पाला, लसणाची सालं टाकून घरभर धुरी फिरवली. स्वराच्या उशाशी जास्त वेळ, तिच्यावर जीव जास्त म्हणून. थोड्याच वेळात पोरीची छाती घुरघुरायला लागली. पंप द्यावा लागला. मग शांत झोपली.
प्राजू एवढंच म्हणाली, "धूर होतो का, असं विचारलं होतं ना डॉक्टरांनी?"
धूर कुठे होता? धुरी होती. आमच्याकडे धूर म्हणजे घाण आणि धुरी म्हणजे औषध. औषध तरी कुठे, रोजचंच काम, देवापुढच्या दिव्यासारखं. मी सगळं बदलून पाहिलं, ते सोडून. वा रे क्वालिटी.

२९ ऑक्टो.
डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, धुरी आजपासून बंद, पंप द्यायला घाबरू नका.
आईला सांगावं लागलं. मेथी निवडत होती.
"म्हंजी मीच पोरीला तरास दिला व्हय?"
आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो. खोटं बोलायचं कसं? फार वाईट वाटलं. तिने धुपाटणं मलाच माळ्यावर टाकायला लावलं.

८ नोव्हें.
स्वरा जोरात. मैदानावर शिंकते, औषध चालू आहे, पण धाप नाही. सरांनी पहिल्या नऊ जणींत घेतलंय. शनिवारी सामना, खेळणारच.
आई मात्र कशालाच हात लावत नाही. ना काढा, ना दूध. आज नाक चोंदलं म्हणून स्वरा सवयीने आजीकडे गेली, काहीतरी दे म्हणाली. आईने तिच्या केसांतून हात फिरवला. "पप्पाला इचार, बाळा. मला न्हाई त्यातलं कळत."

उद्या सेकंड शिफ्ट, सकाळी घरी आहे. ओवा भाजून त्याची हुंगायची पुरचुंडी कशी करतात, आईला विचारणार. मला येते. तरी विचारणार. दाखवते का बघू.