आई, तू नुसती बसायची तेव्हा तुझा हात हलायचा का?

आई, तू नुसती बसून असायची, हातात काही नसायचं, तेव्हा तुझा हात हलायचा का? एवढंच विचारायचं आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आता मी चौकशी करून राहिली, पण हौस म्हणून नाही. नागपूरच्या डॉक्टरच्या कागदावर हा सवाल आहे आणि त्याचं उत्तर तुझ्याशिवाय कोणाजवळ नाही.

माझा उजवा हात दीड वर्षापासून हलून राहिला. टीव्हीसमोर बसली की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, जसा कोणी तंबाखू मळतो. पोराने मला इथल्या, जबलपूरच्या नसांच्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर ही गर्दी. कोणाला मिरगी, कोणाला लकवा, कोणाचं डोकं दुखून राहिलं, आणि सगळ्यांना तोच एक. आत गेली तर कॉम्प्युटरमध्ये पाहतच म्हणतो, "हां माताजी, घर में किसी को था?" मी म्हटलं, "माँ को था. बिल्कुल ऐसा ही." "हाथ आगे कीजिए." मी पदरातून हात काढला, समोर धरला, आणि मेला तो हात गरीब गाईसारखा न हलता उभा! "खानदानी है, घबराने की बात नहीं," म्हणाला आणि गोळ्या लिहिल्या. मला चालवून पाहिलं नाही, मनगट धरून पाहिलं नाही. सहा महिने गोळ्या गिळल्या. हात तसाच, वरून आता पाय घासत चालते, उंबऱ्याला अडखळते, आणि कणीक मळायला बसली तर मनगट लाकडासारखं होते.

नात नागपूरला फिजिओथेरपी शिकते. दिवाळीला आली आणि फराळ सोडून माझ्याकडेच पाहत बसली. "आजी, तुझा हात बसल्या बसल्या हलतो आणि काही उचललं की थांबतो. डॉक्टरांनी हे पाहिलं का?" "त्याने माझं तोंड नाही पाहिलं, हात कुठून पाहते." मग ती बापाला म्हणाली, "पापा, नागपूरला एक डॉक्टर आहेत. नसांचेच, पण वरून आणखी शिकलेले. हलणं, आखडणं, चाल, एवढंच पाहतात." पोरगा भडकला. "इथला डॉक्टर काय गाढव आहे? पूरा जबलपूर जाते त्याच्याकडे. माझ्या साहेबांनी फोन करून नंबर लावून दिला होता. आता त्यांना काय सांगू?" ऐकलं आई? हात माझा आणि इज्जत साहेबाची.

मी म्हटलं, "तुझ्या स्कूटरचा गिअर अडकते तेव्हा कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सोडून घमापूरच्या मिस्त्रीकडे काहून जातो रे?"

"आई, तो फक्त गिअरचंच काम करतो. ते वेगळं आहे."

"हो, वेगळंच. स्कूटरपुरती अक्कल आहे तुला."

नात हसली, पण मलाही तिने सोडलं नाही. "आजी, ते डॉक्टर पंक्चरवाले नाहीत हं. उद्या कोणाला लकवा झाला तर त्यांच्याकडेच धावायचं. पण तुझ्या हातासाठी नागपूर."

राग डॉक्टरचा आहे, पोराचा आहे, पण सगळ्यात जास्त तुझा आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारची नवी सून समोर बसली, तू कुंकू लावायला गेली आणि तुझं बोट तिच्या कपाळावरून घसरून थेट नाकापर्यंत लाल रेघ. आत्या म्हणाली, "वहिनी, पोरीच्या सौभाग्यावरच रेघ ओढली तुम्ही." तू एक शब्द बोलली नाही. काहून नाही बोलली? सांगायचं होतं की हात दुखणाईत आहे, पापी नाही. मी चौदा वर्षांची होती. करंडा तुझ्या हातातून मीच ओढून घेतला. त्यानंतर कोणाला कुंकू लावायला तुला कोणी म्हटलं नाही. बाबांनी ग्वारीघाटच्या पंडितजींकडून धागा आणून मनगटाला बांधला, झाला इलाज. आणि तू तो हात पदरात घातला तो मरेपर्यंत. मला सासरी पाठवताना काही शिकवलं नाही, पण हे न सांगता शिकवून गेली. डॉक्टरच्या खुर्चीवर मी हात पदरात गुंडाळूनच बसली होती. त्याने म्हटलं तेवढ्यापुरता काढला, आणि लगेच परत आत. त्याने पाहिलं नाही हे खरं. पण मी तरी कुठे दाखवला?

येत्या गुरुवारी आम्ही नागपूरला जाऊन राहिलो. पोराने तिकिटं काढली, तोंड फुगवूनच. नात म्हणते, घरून एक पानभर लिहून आण, अक्षर कसं येते ते डॉक्टर पाहतात. म्हणून मी हे लिहायला बसली. चौथी शिकलेली बाई दुसऱ्या कोणाला लिहिणार? वरच्या ओळी चण्याएवढ्या होत्या, या खालच्या मोहरीएवढ्या झाल्या, मी मोठं लिहायला जाते तरी. पण हे पान मी त्यांना देणार नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या कागदावर महिन्याचा किराणा लिहीन. हे राहील करंडा ठेवते त्या डब्यात.

नागपूरच्या डॉक्टरच्या कागदावरचा तो सवाल नातीने मला दोनदा वाचून दाखवला. "कुंकू लावताना हलला, ते लिहिलं. पण नुसती बसायची तेव्हा? काम करताना हलणं आणि बसून हलणं, ही दुखणी वेगळी, आजी." मी म्हटलं, आठवत नाही. खोटं बोलली. इथल्या डॉक्टरला 'बिल्कुल ऐसा ही' म्हटलं, तेही खोटंच. आठवायला आधी पाहावं लागते. करंडा ओढून घेतल्यावर मी तुझ्या हाताकडे कधी पाहिलंच नाही, आई.